कारवानी पिल्लू, साडेचार महिने: नुसते पाय आणि नाक, बाकीचं कुत्रं कधी येणार?

ऋजुता_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. आमच्या घरी भिंगरी आहे. कारवानी जातीची मादी, साडेचार महिन्यांची. सासर जत तालुक्यातलं. दिरांच्या मळ्यावर कुत्री व्याली, त्यातली ही एक. दोन महिने पूर्ण झाल्यावर पुण्याला आणली. आणली तेव्हा गोल गरगरीत होती, येणारा-जाणारा उचलून घ्यायचा. आता अवतार बघवत नाही. पाय लांबच लांब, मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, बरगड्या दिसतात, पुढच्या पायांच्या मनगटाशी गाठी आल्यासारखं जाड झालंय. एक कान मागे मुडपलेला, दुसरा आडवा. पळताना स्वतःच्याच पायात अडकून पडते. वजन साडेदहा किलो. लिफ्टमध्ये जो भेटतो तो विचारतो, "खायला घालत नाही का हो?"

घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात दूध-भाकरी द्या, मळ्यावरची सगळी त्याच्यावरच वाढली. सोसायटीतल्या एका काकांनी कॅल्शियमची बाटली आणून दिली आहे, रोज दोन चमचे पाजा म्हणाले. नवऱ्याचं म्हणणं, पळणाऱ्या जातीचं कुत्रं आहे, रोज पहाटे अॅक्टिव्हामागे दोन-तीन किलोमीटर पळवलं की पाय आपोआप भरतील. मी मध्ये उभी.

शिवाय परवा झाडताना सतरंजीवर एक इवलासा दात मिळाला, तिच्या दोरीच्या खेळण्यालाही रक्त लागलं होतं. चपला, पायपुसणं, सोफ्याचा कोपरा, माझं मनगट, काहीही चालतं तिला चावायला. लशी वेळेवर चालू आहेत. पण डॉक्टरांकडे इतकी गर्दी असते की सुई टोचून बाहेर येईपर्यंत मी अर्धे प्रश्न विसरते.

ही नेमकी कधी मोठी होणार? आणि आत्ता जे दिसतंय ते बरोबर आहे का?

शेफर्डवाला_कोथरूड

कॅल्शियम बिनधास्त द्या. आमच्या रॉकीचे कान पाचव्या महिन्यात पडले होते, बाटली सुरू केली आणि महिन्याभरात उभे राहिले. मनगट जाड दिसतंय म्हणजे हाडं कमजोर आहेत. अंडं, चिकन, कॅल्शियम. घोडा होईल.

रात्रीचा_चहा

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. म्हणजे तुमची भिंगरी अडीच-पावणेतीन वर्षांची. त्या वयात माझ्या मुलाने टीव्हीचा रिमोट माशांच्या टाकीत टाकला होता. चपला वर ठेवा, एवढंच सुचवतो.

तात्या_जत

ऋजुताताई, माझ्या गावाचं नाव वाचून थांबलो. आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांत गेली, कुत्री घरची. आजोबांच्या वेळेपासून मळ्यावर कारवानी आहेत. तेव्हा सशामागे सोडायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, पण कुत्री राहिली.

तुम्ही जे वर्णन केलंय ते साडेचार महिन्यांच्या कारवानीचं जसंच्या तसं आहे. आमच्याकडे या वयाचं पिल्लू कुणी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. दोन महिन्यांचं दाखवतात, नाहीतर वर्षाचं. मधलं शेडाच्या मागे बांधतात.

कुत्रं सगळीकडून एकदम वाढत नाही. आधी पाय, मग पाठ, मग छाती, आणि अक्कल सगळ्यात शेवटी. हिची उंची आठ-नऊ महिन्यांपर्यंत बरीचशी होऊन जाईल. छाती खाली उतरायला, अंगावर मांस धरायला दीड वर्ष, कधी दोन वर्षं. वजनाचा ढोबळ हिशेब असा की या अंगाचं कुत्रं चार-साडेचार महिन्यांत निम्म्यावर येतं. तुमची साडेदहा आहे, म्हणजे वीस-बावीसच्या आसपास थांबेल. मादीला ते रास्त आहे.

आता थोडं मागे जातो, कारण तुमचे निम्मे प्रश्न ती मळ्यावर होती त्या दोन महिन्यांतून आलेत. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी विते. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे बंद, कान बंद. स्वतःच्या अंगात ऊबसुद्धा राखता येत नाही, म्हणून सगळी एकमेकांवर चढून ढीग करून झोपतात. आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शूदेखील होत नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात, तेही निळसर, धुरकट. दिसायला लागतं त्यानंतर. कान आणखी थोडे मागून. आमची आई रोज वैरणीच्या खोलीत जाऊन पत्र्याच्या डब्यावर बोट वाजवायची. ज्या दिवशी ढिगातलं एक पिल्लू दचकून मान वर करायचं, त्या दिवशी ती म्हणायची, "आलं गं बाई जगात."

तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात फुटतात आणि तिथून आई हळूहळू अंगावर पाजायला कंटाळते, कारण ते दात सुईसारखे टोचतात. मळ्यावर याच वेळी दूध-भाकरी सुरू होते. सासूबाई चुकीचं सांगत नाहीत, अर्धं सांगतात. मळ्यावरचं कुत्रं भाकरीवर जगलेलं दिसतं खरं, पण त्याच्या पोटात व्यालेल्या शेळीची वार, घुशी, उंदीर, कोंबडीची आतडी आणि काय काय जात असतं ते कुणी मोजत नाही. तिसऱ्या मजल्यावर भाकरी म्हणजे फक्त भाकरी. आणि कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं नि चरबी दुपटीहून जास्त, साखर कमी. गाईचं दूध वाटीभर पाजलं की बऱ्याच पिल्लांना ती साखर पचत नाही आणि पातळ होतं. चमचाभर ताक-दही चालतं, पण ते जेवण नव्हे.

गोल गरगरीत होती म्हणालात. त्यातलं अर्धं बाळसं असेल, अर्धे जंत. रागावू नका, दीर स्वच्छ ठेवत असतील तरी असतात. गोल जंतांच्या अळ्या आईच्या अंगात दबून असतात आणि गाभणपणी पोटातल्या पोटातच पिल्लांत उतरतात, काही दुधातून जातात. म्हणून जंताचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरवड्याला द्यायचं असतं. तीन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, सहा महिन्यांपर्यंत. लशीच्या कार्डावर ती नोंद आहे का बघा. नसेल तर पुढच्या खेपेला पहिला प्रश्न तोच विचारा, सुई टोचायच्या आधी.

बरगड्या. कारवानीच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. कंबर वर खेचलेली हवी. लॅब्रॅडॉर डोळ्यांसमोर ठेवून हिला भरवत बसलात तर कुत्रं बिघडेल. डोळ्याने ठरवू नका, हाताने ठरवा. तळवा बरगड्यांवरून सपाट फिरवा, वर पातळ मऊ थर लागला पाहिजे. पाठीच्या मणक्यांची टोकं आणि कुल्ल्याची हाडं बोटाला टोचत असतील, केस राठ आणि निस्तेज असतील, तर मात्र बारीक आहे समजा.

आता मनगटाची गाठ, आणि इथे कोथरूडकरांशी माझं भांडण आहे. लांब हाडाच्या दोन्ही टोकांशी एक कच्चा, कुरकुरीत पट्टा असतो. हाड तिथून लांबी धरतं. पळणाऱ्या, भरभर उंच होणाऱ्या पिल्लांत तो पट्टा जोरात काम करत असतो, म्हणून मनगट जाड दिसतं. दुखत नसेल, गरम नसेल, लंगडत नसेल तर ती गाठ म्हणजे वाढ चालू असल्याची पावती. वर्षाच्या आत-बाहेर पट्टा पक्का होतो आणि जाडी आपोआप नाहीशी होते.

कॅल्शियमची गंमत अशी की मोठ्या कुत्र्याला गरजेपुरतं शोषून बाकीचं सोडून देता येतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही, जेवढं घालाल त्यातलं पुष्कळ अंगात जातं. मग कुरकुरीत पट्टा आणि सांध्यातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, वेळेत हाडात बदलत नाही. पाय वाकडे होतात, सांधे धरतात. बाजारचं चांगल्या प्रतीचं पिल्लांचं खाद्य देत असाल तर त्यात हवं तेवढं कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वर बाटली नको.

पण याची दुसरी बाजूही आहे, ती कुणी सांगत नाही. "आमचं पिल्लू भात आणि बोनलेस चिकनशिवाय काही खात नाही" म्हणणारी घरं मी पुष्कळ बघितली. मांसात फॉस्फरस रग्गड, कॅल्शियम जवळजवळ नाही. दोघांचं प्रमाण सव्वाला एक असं काहीतरी लागतं. ते नसलं की अंग आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि पिल्लू सोफ्यावरून उतरताना पाय मोडून घेतं. तेव्हा घरचं जेवण द्यायचं असेल तर रोजचं काय-किती ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, ते मापून पावडर सांगतील. एक तर खाद्य, नाहीतर मापून दिलेलं घरचं. दोन्हींवर आणखी दोन चमचे नाही. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीनदा, मग दोनदा.

आणि यजमानांना माझा नमस्कार सांगा, पण अॅक्टिव्हा घरी ठेवायला सांगा. आमच्या भागातही हे खूळ आहे, मोटरसायकलला साखळी बांधतात आणि सहा महिन्यांचं पिल्लू दामटवतात. पिल्लू पळतं, कारण गाडीबरोबर मालक चाललाय. दमलं तरी थांबत नाही. त्या कच्च्या पट्ट्याला डांबरी रस्त्याचे एकसारखे दणके सोसत नाहीत.

एक पाहिलेलं सांगतो. शेजारच्या वस्तीवरचं पाच महिन्यांचं पिल्लू, भिंगरीच्याच चणीचं, उसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून उडी मारून खाली आलं. दोन दिवस पुढचा पाय उचलून चाललं, तिसऱ्या दिवशी टेकलं, सगळे विसरले. दोन महिन्यांनी पंजा बाहेरच्या बाजूला वळायला लागला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. त्यातल्या बाहेरच्या हाडाचा खालचा पट्टा मनगटापाशी निमुळता, सुळक्यासारखा असतो. दणक्यात तो दबला आणि ते हाड वाढायचं थांबलं. शेजारचं हाड वाढतच राहिलं. जागाच नाही म्हटल्यावर ते धनुष्यासारखं वाकलं. लवकर नेलं असतं तर शस्त्रक्रियेने बरंच सावरता आलं असतं. नेलं तेव्हा वाढ संपत आली होती. कुत्रं जगलं, म्हातारं होऊन गेलं, पण पळालं नाही कधी.

म्हणून पिल्लू उडी मारून लंगडलं आणि दोन दिवसांत "बरं झालं", तरी पुढचे दोन महिने पायाची रेघ बघत राहायची. दोन्ही पाय समोरून सरळ दिसतात का.

पळू द्यायचंच नाही असं नाही हं. मोकळ्या मातीत तिच्या मनाने पळू दे, वळू दे, पडू दे. ती थांबली की थांबायचं. घरात फरशी गुळगुळीत असेल तर तिच्या वाटेवर सतरंज्या टाका.

दात पडतायत ते अगदी वेळेवर. दुधाचे अठ्ठावीस असतात, पक्के बेचाळीस. समोरचे आधी, मग सुळे आणि दाढा, सातव्या महिन्यापर्यंत सगळं आटोपतं. बहुतेक दात पिल्लू गिळून टाकतं, तुम्हाला सापडला हे नशीब. हिरड्या शिवशिवतात म्हणून चावते. सुती फडकं ओलं करून, पिळून फ्रीजमध्ये गार करा आणि द्या, पण चघळताना समोर बसा. नळीची हाडं, उकडलेली तर अजिबात नाही, फुटून टोकं होतात. पक्का सुळा बाहेर आला आणि दुधाचा शेजारी तसाच उभा असेल तर मात्र दाखवा. पॉमेरियनसारख्या छोट्या कुत्र्यांत ते जास्त होतं, पण बघायला काय जातंय.

रात्रीचा चहा, सातचा हिशेब सोडा. वर्षाची कुत्री पिल्लं घालू शकते. सात वर्षांची पोर?

ऋजुता_सिंहगडरोड

तात्या, काय लिहिलंय! नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, ट्रॉलीपाशी आल्यावर तो उठून भिंगरीचे पाय समोरून बघायला गेला. सरळ आहेत.

जंताच्या औषधाची नोंद पुण्यात आल्यावरची दोनदाच आहे. उद्या फोन करते. खायला पिल्लांचं खाद्य आणि सासूबाईंच्या समाधानाला अर्धी भाकरी, असं चालतं सध्या.

अजून एक. घरच्यांवर ती जीव टाकते, पण बाहेरच्या माणसाने हात लावायला गेलं की अंग चोरून मागे सरकते. कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली. मळ्यावर असं काही नव्हतं. हे वयाचं आहे की आम्ही फ्लॅटमध्ये आणल्यामुळे?

वॉर्डातली_स्मिता

मधेच घुसते. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला या गोष्टीची दुसरी बाजू येते. पिल्लू खेळताना चावतं आणि लोक म्हणतात, "लहान आहे, त्याचं काय." रेबीज पिल्लालाही होतो. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांनंतर मिळते, आणि त्याआधी मळ्यावर कुठलं कुत्रं येऊन चावून गेलं ते कुणाला ठाऊक नसतं. भिंगरीची झालेली असणार, कार्ड बघून खात्री करा. पण ज्यांनी कुणी रस्त्यावरून पिल्लू उचलून आणलंय त्यांनी दाताचा ओरखडा आणि रक्त दिसलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. पहिली लस एकच पुरत नाही, पुढच्या वर्षीची चुकवू नका.

तात्या_जत

स्मिताताई, बरं झालं लिहिलंत.

ऋजुताताई, थोडं जातीचं, थोडं वयाचं. कारवानी परक्याच्या हाताला नाहीच जात सहसा. आमच्याकडे पाहुणा आला की कुत्रं भुंकतही नाही, लांब उभं राहून बघतं. पाहुण्याने कुरवाळायला हात पुढे केला की निघून जातं. त्याला मी दोष मानत नाही.

वयाचं असं, की तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला जगातलं नेहमीचं वाटायला लागतं. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे नोंदवून ठेवलं, १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. भिंगरीच्या त्या दिवसांतला बराचसा काळ मळ्यावर गेला. तिला बैल, इंजिन, मेंढरं, लाइट गेल्यावरचा अंधार सगळं ओळखीचं आहे. कुकर, लिफ्ट, डिलिव्हरीवाला पोरगा हे नाही. पुण्यात आली आणि लशी पुऱ्या व्हायच्या म्हणून घरात राहिली असणार. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजारच असे आहेत की डॉक्टर बाहेर सोडू नका म्हणतात ते बरोबर. यावर तोड म्हणजे पिल्लू कडेवर घेऊन फिरवायचं, खाली ठेवायचं नाही, नुसतं दाखवायचं. आता हे वाचणाऱ्या पुढच्यांसाठी.

भिंगरीची नवं ओळखीचं करून घ्यायची खिडकी अगदी बंद झालेली नाही, किलकिली आहे. कुकर लावलात की तिचं ताट मांडा, पण लांबच्या खोलीत. रोज थोडं जवळ. पलंगाखालून ओढून काढू नका. पाहुण्यांना सांगा, कुत्र्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, खाऊ जमिनीवर टाका आणि गप्पा मारा. ती आली तर आली.

खरी परीक्षा पुढे आहे. सात-आठ महिन्यांची झाली की एक दिवस हाक माराल आणि ती तुमच्याकडे बघून दुसरीकडे जाईल. तुम्ही म्हणाल, शिकवलेलं सगळं विसरली. विसरलेली नसते. इंग्लंडमध्ये आंधळ्यांना वाट दाखवण्यासाठी तयार करतात त्या कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. तीच पिल्लं पाच महिन्यांची असताना मालकाचं जेवढं ऐकत होती तेवढं आठ महिन्यांची झाल्यावर ऐकेनात. परक्या माणसाचं मात्र ऐकत होती! वर्षाच्या सुमाराला पुन्हा ताळ्यावर आली. घरी कॉलेजात जाणारं पोर असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

कारवानीत त्याच सुमाराला नजरही जागी होते. आज ती मांजर बघून शेपूट हलवत असेल, आठव्या महिन्यात मांजर हललं की ती गेली. नाकाने नव्हे, डोळ्याने शिकार करणारी जात आहे. पळायला लागल्यावर तुमची हाक तिच्या कानापर्यंत पोचत नाही. सिंहगड रोडवर हा खेळ नको. तेव्हा आत्तापासून दोन गोष्टी. एक, हाक मारली आणि आली की दर वेळी काहीतरी चांगलं तिच्या तोंडात पडलं पाहिजे, रागवायला कधीच हाक मारायची नाही. दुसरी, पट्टा. हिचं डोकं निमुळतं आणि मान जाड, घाबरून मागे सरकली की साधा पट्टा कानावरून अलगद निघतो. छातीवरून जाणारा घ्या, किंवा ओढलं की बेताने आवळणारा रुंद पट्टा मिळतो तो. गळफास लागणारी साखळी नको.

सहा महिन्यांनंतर कधीही माजावर येईल, काही वर्षाच्या होऊन येतात. रक्त दिसल्यावर साधारण तीन आठवडे तिला दोरीशिवाय दाराबाहेर काढू नका, गच्चीवरही नाही. पहिल्या माजाला लावायची तर अजिबात नाही, तिचीच वाढ पुरी झालेली नसते. नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेणार असाल तर कोणत्या महिन्यात ते डॉक्टरांशी बोला. एक मात्र आठवणीने सांगा की कुत्री कारवानी आहे. ग्रेहाउंडसारख्या अंगात चरबी नसलेल्या कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं फार वेळ उतरत नाहीत. माहीतगार डॉक्टर दुसरं वापरतात. आपण सांगितलेलं बरं.

अर्धी भाकरी चालू द्या. सासूबाई खूश तर घर खूश.

गल्लीतली_पिल्लं

तात्यांचं वाचून गल्लीतल्यांबद्दल लिहावंसं वाटलं. भाद्रपदातला गोंधळ सगळ्यांना ठाऊक असतो, त्यानंतर दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, पार्किंगमध्ये पिल्लं दिसायला लागतात. थंडी सुरू होते तेव्हाच. गावठी पिल्लू कारवानीपेक्षा लवकर सुटं होतं. दोन-अडीच महिन्यांत आई जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, खाल्लेलं ओकून देत होती तेही बंद करते. लोकांना वाटतं आई वाईट. ती त्यांना उकिरडा ओळखायला लावत असते.

पण मोठं होणं त्यांच्या हातात नसतं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. वयात येईपर्यंत जगली ती १९ टक्के. आणि जी गेली त्यातली ६३ टक्के माणसांमुळे: गाडीखाली, विष, मारहाण, उचलून नेणं. आमच्या गल्लीत यंदा जी राहिली ती दोन्ही गॅरेजवाल्याने रात्री आत घेतली म्हणून राहिली. आता सहा महिन्यांची आहेत, कान उभे, शेपटी गोल, आणि नर टांग वर करायला शिकतोय. तोल जातो अजून. शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवलंय दोघांचं.

कुणाला पाळायचं असेल तर थंडीत गल्लीत एक चक्कर मारा.

शेफर्डवाला_कोथरूड

तात्या, मान्य नाही. रॉकीचे कान बाटलीनेच उभे राहिले. डोळ्यांदेखतची गोष्ट आहे.

ते असो. रॉकी आता नऊ महिन्यांचा. गेला महिना लंगडतोय. आधी पुढचा उजवा, तो बरा झाला तर मागचा डावा. कुठे पडला नाही, मार नाही. जेवण थोडं कमी. घरात डोकेदुखीची गोळी आहे, अर्धी देऊ का?

तात्या_जत

गोळी देऊ नका, पाव सुद्धा नाही. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, पोट यांतलं काहीतरी बिघडतं.

कानाचं: शेफर्डचे कान दात बदलताना पुन्हा पडतात आणि दात आटोपले की उभे राहतात. रॉकीचे पाचव्या महिन्यात पडले आणि महिन्याभरात उठले म्हणालात, म्हणजे बाटली नसती तरी त्याच सुमाराला उठले असते. कानात हाड नसतंच, कूर्चा असते. बाटली चालू असेल तर आज बंद करा.

लंगडण्याचं: पाच महिने ते वर्ष-सव्वा वर्ष या वयात शेफर्डला, त्यातही नरांना, लांब हाडांच्या आतून दुखणं येतं. आज हा पाय, पंधरा दिवसांनी तो. हाडाच्या मधल्या भागावर बोट दाबलं की ओरडतो का बघा, सांध्यावर नव्हे. तसंच असेल तर वाढ संपताना आपोआप जातं, तोवर डॉक्टर कुत्र्याचं दुखणंशामक देतात. पण हे घरी ठरवायचं नाही. एक्सरे काढा, आणि मागचा पाय दुखतोच आहे तर त्याच वेळी खुब्याचे सांधेही बघायला सांगा. शेफर्डमध्ये ते राहून जायला नको.